गोव्यात पहिल्यांदा सर्फिंग शिकताय? या चुका टाळा

गोव्याच्या किनाऱ्यावर पैसे देऊन करायच्या बहुतेक गोष्टींत तुम्हाला स्वतःला फारसं काही करावं लागत नाही. पॅरासेलिंगला बोट ओढते, बनाना राइडलाही बोटच ओढते, जेट-स्कीवर मागे माणूस बसलेला असतो. आपण लाइफ जॅकेट चढवायचं आणि ओरडायचं. सर्फिंगचा धडा लोक याच यादीत घालतात. 'पैसे भरलेत, आता उभं करून दाखवा' अशा थाटात पाण्यात उतरतात आणि दीड तासाने नाकात पाणी, खांद्यात कळ आणि 'आपलं काम नाही हे' असं म्हणत बाहेर येतात. खरोखरच जमत नाही असे लोक फार थोडे. बाकीच्यांचं बिनसतं ते पाण्यात शिरायच्या आधी, नाहीतर पाण्यातल्या पहिल्या दहा मिनिटांत.

महिना आणि वेळ

गोव्यात शिकायचा हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातही दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतच्या लाटा लहान आणि नवख्यांना झेपणाऱ्या असतात. हिवाळ्यात अरबस्तानाकडून सुटणाऱ्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा अख्खा अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागतात; दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा बराच अभ्यास केला आहे. कधी कधी मात्र डिसेंबर-जानेवारीत समुद्र इतका निपचित पडतो की शिकवणाराच म्हणतो, उद्या या. तेव्हा हट्ट करू नका. सुट्टीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी धडा ठरवला, तर असा एक दिवस वाया गेला तरी हाताशी दुसरा राहतो. परतीच्या दिवशी सकाळी 'उरकून घेऊ' हा बेत बहुधा फसतो.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी जरा जास्त चौकशी करावी. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडे वादळ झालं की त्याच्या लाटा काही दिवसांनी आपल्याकडे पोचतात. इथे आकाश निरभ्र, वारा नाही, आणि तरी समुद्र खवळलेला. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांचे इशारे देते. ते मोबाइलवर पाहता येतात, दोन मिनिटं लागतात.

जून ते सप्टेंबर हा विषयच नको. १ जून ते ३१ जुलै तर ट्रॉलरही मासेमारीला जात नाहीत, आणि पुढेही नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय समुद्रात होडी न लोटणारी घरं किनाऱ्यावर आहेत. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबतात, मग आपण भाड्याचा बोर्ड घेऊन कुठे निघालो? किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले असतात ते शोभेला नव्हेत.

वेळ सकाळचीच घ्या, साडेसात-आठची. सकाळी जमिनीकडून हलका वारा असतो, पाणी गुळगुळीत असतं, लाट ओळीत येते. दुपारी वायव्येकडून समुद्रवारा सुटला की त्याच पाण्यावर आडवेतिडवे तरंग उठतात आणि नवख्याला लाट कुठली अन् खळबळ कुठली हे कळेनासं होतं. उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मोरजी-आश्वेला पतंग लावून सर्फिंग करणारे नेमके याच वाऱ्याची वाट पाहत असतात. त्यांच्या दोऱ्यांच्या आसपास तुम्हाला काहीही काम नाही.

आता सकाळ म्हटलं की पुणे-मुंबईचे लोक काय करतात? रात्रीची स्लीपर बस, पहाटे म्हापशाला उतरायचं आणि खोलीत बॅगा टाकून थेट वर्गाला. घाटात रात्रभर हिंदकळलेलं शरीर पाण्यात अर्ध्या तासात संपतं. दुसरा प्रकार म्हणजे मुक्काम कळंगुट-बागाला आणि वर्ग आश्वे किंवा मांद्र्याला. शिवोलीच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडून तिथे पोचायला पाऊण-एक तास सहज जातो, आणि सुट्टीत सकाळी सातला सगळ्या गँगला अंथरुणातून काढणं ही वेगळीच कसरत. शिकायचंच असेल तर पेडणे तालुक्यातच राहा.

भरती-ओहोटीचा अंदाज कोकणातल्या जुन्या हिशोबानेही येतो: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. तासाभराचा फरक पडतो, म्हणून मुरगाव बंदराचं वेळापत्रकही पाहून घ्या. पूर्ण भरतीला काही ठिकाणी लाट थेट किनाऱ्याच्या उतारावरच आदळते, तर ओहोटीला पाणी इतकं उथळ होतं की पडलात की खाली घट्ट वाळू. कुठल्या किनाऱ्याला कुठली वेळ चांगली हे तिथे रोज उतरणाऱ्यालाच माहीत असतं, त्याने दिलेली वेळ घासाघीस करून बदलू नका.

कोणाकडे शिकायचं

घासाघीस पैशांची करा, पण हे आधी विचारा: एका शिकवणाऱ्यामागे किती जण? बोर्ड फोमचा मऊ आहे की फायबरचा कडक? आयएसएचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं, प्रमाणपत्र आहे का? तो स्वतः पाण्यात तुमच्याबरोबर असणार की किनाऱ्यावरून हात हलवणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं नाही तर पुढच्या शॅककडे चला.

बोर्ड मोठा आणि मऊ हवा, आठ-नऊ फुटांचा. तरुण मुलांना छोटा, टोकदार बोर्ड आवडतो कारण फोटोत तो छान दिसतो. पण छोटा बोर्ड कमी तरंगतो आणि जास्त डगमगतो. वजन नव्वदच्या पुढे असेल तर खरं सांगा, त्याप्रमाणे बोर्ड मिळतो.

आणि पोहता येत नसेल तर तेही सांगा. हे लपवणारे कमी नाहीत, विशेषतः सोबत सासरची मंडळी असतील तर. पहिला धडा कमरेएवढ्या पाण्यात, फुटून फेस झालेल्या लाटांवर होतो, त्यामुळे न पोहणाऱ्यालाही चांगले शिक्षक घेतात. फक्त त्यांना माहीत असलं की ते तुम्हाला हाताच्या अंतरावर ठेवतात. खांदा पूर्वी निखळला असेल, दमा असेल, तेही आधीच.

अंगावर काय

अंगाला घट्ट बसणारा लायक्राचा टी-शर्ट, तशीच चड्डी किंवा लेगिंग. सुती टी-शर्ट पाणी पिऊन जड होतो, आणि उघड्या पोटाने बोर्डवर तासभर घासलात तर संध्याकाळी शर्ट घालवत नाही. चेन असलेली बर्म्युडा नको. अंगठ्या, मंगळसूत्र, पैंजण खोलीवर. चष्मा किनाऱ्यावर राहील हे गृहीत धरा. सनस्क्रीन चेहरा, मान आणि पोटऱ्यांच्या मागच्या बाजूला भरपूर लावा. पोटावर आणि तळव्यांना लावू नका, बोर्ड साबणासारखा निसटतो.

जेवण? एक केळं, दोन इडल्या. आदल्या रात्रीची बिअर किंवा फेणी सकाळपर्यंत अंगात असेल तर वर्ग पुढे ढकला. फिश थाळी नंतर.

वाळूवरची वीस मिनिटं

शिकवणारा आधी बोर्ड वाळूवर ठेवतो आणि झोपायला, हात मारायला, उठायला लावतो. आजूबाजूला लोक बघत असतात, म्हणून आपण दोन वेळा हसत हसत करतो आणि 'समजलं' म्हणतो. बहुतेक धडे इथेच बिघडतात. पाण्यात उठायला जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात; तेवढ्यात विचार होत नाही, अंगवळणी पडलेलं तेवढंच होतं.

सूर्यनमस्कार घातले असतील त्यांना हे लवकर जमतं. तळवे छातीच्या बाजूला बोर्डवर टेकवून भुजंगासनासारखी छाती उचलायची, आणि मग अश्वसंचालनात येतो तसा एक पाय दोन हातांच्या मध्ये आणायचा. फरक इतकाच की इथे पाय आडवे पडतात, दोन्ही बोर्डच्या मधल्या रेषेवर, आणि वाकायचं ते गुडघ्यात. कमरेत वाकून पार्श्वभाग मागे काढलेला माणूस उभा असतो असं त्याला वाटतं, पण पुढच्या क्षणी तो पाण्यात असतो.

कुठला पाय पुढे हे आधी ठरवा. मागून कोणी हलकं ढकललं की जो पाय आपसूक पुढे पडतो, बऱ्याचदा तोच. लीश, म्हणजे घोट्याला बांधायची दोरी, मागच्या पायाला.

आणि गुडघ्यावर येऊन मग उभं राहायची सवय लावू नका. एकदा लागली की सुटत नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांनी किंवा गुडघे दुखणाऱ्यांनी खुशाल गुडघ्यावरच थांबावं, त्यातही मजा कमी नाही, पण ते ठरवून.

पाण्यात काय बिघडतंय ते ओळखा

बोर्डचं नाक पाण्यात घुसून तुम्ही तोंडावर पडताय? तुम्ही फार पुढे झोपलाय. चार बोटं मागे सरका आणि छाती वर ठेवा.

लाट खालून निघून जाते आणि तुम्ही तिथेच? मग उलट, फार मागे आहात, किंवा हात मारायला उशिरा सुरुवात करताय. लाट लागल्यासारखी वाटल्यावरही दोन-तीन हात जास्त मारा. नवखे लोक बोर्ड सरकला की लगेच उठायची घाई करतात, आणि लाटेने अजून त्यांना पकडलेलंच नसतं.

झोपलेले असतानाच बोर्ड कलंडतो? शरीर मधल्या रेषेवर नाही, किंवा पाय फाकलेत. उठताना कलंडतो? बोर्डच्या कडा मुठीत धरताय. तळवे सपाट ठेवा.

उभे राहता आणि क्षणात मागे पडता? पायांकडे बघताय. नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या माडावर लावा. किनाऱ्यावरून मोबाइल धरून 'अरे, इकडे बघ!' ओरडणाऱ्या मित्राकडेही नको, कारण तो धावत बाजूला सरकतो, तुमची मान वळते आणि मानेमागे बोर्ड.

चांगलं जमत होतं आणि तासाभराने काहीच जमेना? दमलाय. पाच मिनिटं वाळूत बसा, पाणी प्या. यात कमीपणा नाही. उन्हात आणि खाऱ्या पाण्यात तहान लागल्याचं कळत नाही.

पडायचंसुद्धा शिकावं लागतं. डोक्यावर सूर मारू नका, खाली वाळू किती खोल आहे ते दिसत नाही. बाजूला, सपाट पडा. वर येताना आधी एक हात डोक्याच्या वर, मग डोकं, कारण बोर्ड नेमका तिथेच असू शकतो. बोर्ड घेऊन लाटांकडे चालत जाताना तो तुमच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा कधीही धरू नका. गुडघाभर लाटसुद्धा तो छातीवर आणून आपटते. बाजूला, नाक लाटेकडे करून न्या. लीश हाताला गुंडाळू नका.

शांत दिसणारी जागा

सगळ्यात महत्त्वाची चूक ही, आणि ती पोहणारेच जास्त करतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत, फेस आहे, आणि मध्ये एक पट्टा गडद, गुळगुळीत, बिनफेसाचा. 'इथून आत जाणं सोपं' असं वाटतं. सोपं असतंच, कारण किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच पट्ट्यातून परत समुद्रात निघालेलं असतं. यालाच रिप करंट म्हणतात. नदीच्या मुखाशीही ओहोटीला अशीच ओढ असते. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा समुद्राला मिळते, केरीला तेरेखोल. दोन्ही ठिकाणं बघायला सुंदर. बोर्ड घेऊन तिथून लांब राहा.

अडकलातच तर किनाऱ्याकडे तोंड करून जोर लावू नका, त्यातच माणूस दमतो. बोर्ड सोडू नका, तो तरंगतो आणि तुम्हालाही तरंगवतो. त्यावर झोपा, किनाऱ्याला समांतर हात मारत फेसाच्या दिशेला जा, तिथली लाट परत आणते. तेही जमत नसेल तर नुसते पडून राहा आणि एक हात उंच करून हलवा. दृष्टी मरीन या कंपनीचे जीवरक्षक २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर आहेत, पण ते दिवसभर असतात, अंधार पडल्यावर नाही. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधला भाग पोहणाऱ्यांचा. तिथे बोर्ड घुसवू नका, फिन, म्हणजे बोर्डच्या खालचा पंख, एखाद्या पोराच्या डोक्याला लागेल.

सकाळी कुठे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, लागलेली दिसली तर तिच्या दोराच्या आत शिरू नका. लीश जाळ्यात अडकली तर तुमचा जीव आणि त्यांची मासळी, दोन्ही अडचणीत. मोरजी, मांद्रे, आगोंदला हिवाळ्यात कासवांच्या अंड्यांभोवती कुंपणं असतात, त्यांना बोर्ड टेकवून ठेवू नका.

नंतर

जेलीफिश लागला तर चोळू नका, वाळू लावू नका, बाटलीतलं गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाला दाखवा. श्वास लागत असेल किंवा अंगभर पित्त उठलं तर थेट दवाखाना. पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाकट मासा आधीच निघून जातो. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

दुसऱ्या दिवशी खांदे, बरगड्या आणि मान दुखणार, हे धरूनच चाला. त्या दिवशी पुन्हा वर्ग न ठेवता एक दिवस सोडून ठेवा. कानात पाणी राहिलं असेल तर डोकं कलवून थोडा वेळ पडून राहा; बहुतेकदा तेवढ्याने निघतं. काडी घालू नका. घरून फोनवर कोणी गरम तेल घालायला सांगेल, तेही नको. दोन दिवसांनीही कान ठणकत असेल तर डॉक्टरांना दाखवा.