पेटीवाल्या हाताला मिडी शिकवताना

पहिल्या संध्याकाळी मिडी कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा पट्ट्यांचा छोटा डबा, खोक्यातून काढला, यूएसबीची वायर लॅपटॉपला लावली, दिवे लागले आणि मोठ्या हौसेने सा दाबला. काहीच नाही. पंचवीसच्या पंचवीस पट्ट्या दाबून झाल्या. आई म्हणाली, "सेकंड हँड म्हटल्यावर असंच व्हायचं." दुसऱ्या दिवशी ऐरोलीला ऑफिस सुटल्यावर तशीच त्या विकणाऱ्या मुलाकडे वाशीला गेले. त्याने आपल्या लॅपटॉपवर तोच कंट्रोलर लावून झकास पियानो वाजवून दाखवला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "ताई, याला स्वतःचा आवाज नसतोच."

मी गांधर्वच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत पेटीवर दिलेली. वाद्य म्हटलं की दाबल्यावर वाजणारच, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. म्हणून माझ्यासारख्या पेटी किंवा कीबोर्डवरून इकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

कंट्रोलर फक्त निरोप धाडतो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली. या निरोपांच्या भाषेचं नाव मिडी. पट्टीला क्रमांक असतो (मधला सी म्हणजे ६०), जोराला १ ते १२७ असा आकडा. आवाज काढतं ते सॉफ्टवेअरमध्ये उघडलेलं वाद्य. त्यामुळे आवाज आला नाही तर कंट्रोलरला दोष देण्याआधी क्रमाने बघा: सेटिंगमध्ये हा कंट्रोलर चालू केलाय का, ट्रॅकवर वाद्य लोड केलंय का, ट्रॅकचा इनपुट हाच आहे का, रेकॉर्डचं बटण लाल आहे का, मॉनिटरिंग (वाजवलेलं तिथल्या तिथे ऐकवणारं बटण) चालू आहे का. माझं सगळं बरोबर होतं, फक्त मॉनिटरिंग बंद. विंडोजवर आणखी एक गंमत होते. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने तोच कंट्रोलर धरून ठेवला असेल तर आपल्या सॉफ्टवेअरला तो मिळेलच असं नाही.

सॉफ्टवेअर मी रीपर घेतलं. साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर वैयक्तिक परवाना साठ डॉलरला. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहेच. कंट्रोलरसोबत बऱ्याचदा एखाद्या सॉफ्टवेअरची छोटी आवृत्ती मिळते, पण सेकंड हँड घेताना तिच्या भरवशावर राहू नका. ती चालू करायचा कोड बहुधा पहिल्या मालकाने वापरलेला असतो. माझाही होता.

आता खरी अडचण. पेटीवर बोट हळू ठेवा की आपटा, स्वर तेवढाच वाजतो. आवाज लहानमोठा होतो तो भात्यावर. म्हणजे वीस वर्षं माझ्या उजव्या हाताला जोराची शिस्त अशी लागलीच नव्हती. पहिली पियानोची ओळ रेकॉर्ड करून पाहिली तर एक स्वर ३४ वर, त्याच्या शेजारचा ११८ वर. ऐकायला असं, की कुणीतरी दार ठोठावतंय आणि मधेच कुजबुजतंय. स्वस्त कंट्रोलरच्या छोट्या पट्ट्या हे आणखी बिघडवतात, कारण त्या जेमतेम दाबल्या की तळाला लागतात. मी तीन गोष्टी केल्या. रोज पंधरा मिनिटं एकच सरगम सगळे स्वर ७० ते ८० मध्ये ठेवून वाजवायची, आकडे स्क्रीनवर बघत. कंट्रोलरच्या एडिटरमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, जोराचा कर्व्ह (किती दाबाला कुठला आकडा ते ठरवणारी रेघ) थोडा मऊ केला. आणि ऑर्गन, पेटी असल्या वाद्यांसाठी जोर सरळ एकाच आकड्यावर बांधून टाकला. त्यांना तसाही तो लागत नाही.

मग डावा हात रिकामा राहिला. पेटीवाल्याचा डावा हात रिकामा म्हणजे खांद्याला चैन नाही. तो मी एका नॉबवर ठेवला आणि त्या नॉबला सीसी ११ दिला. सीसी म्हणजे कंट्रोल चेंज, चालू स्वरावर बदल करणारा निरोप. त्यातला अकरा नंबर एक्स्प्रेशनचा, म्हणजे आमच्या भाषेत भाता. व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज घेऊन उजव्या हाताने एकच पंचम धरला, डाव्याने नॉब हळू वर नेला, आणि पहिल्यांदा वाटलं की हे यंत्र श्वास घेतंय. काही वाद्यं अकराऐवजी सीसी १ वर जीव धरतात, तेव्हा दोन्ही लावून बघा. माझ्या कंट्रोलरला चाकांऐवजी एक जॉयस्टिक आहे. ती सोडली की टुणकन मधोमध येते, भात्याच्या कामाची नाही. मींडेसाठी मात्र तीच वापरायची. पिच बेंड, म्हणजे धरलेला स्वर वरखाली ओढणारा निरोप, बहुतेक ठिकाणी दोनच अर्धस्वर जातो, एकाच पट्टीवरून सात अर्धस्वरांपर्यंत मींड घ्यायची तर त्या वाद्याच्या सेटिंगमध्ये रेंज वाढवावी लागते.

एक मजेची गोष्ट: माझा हा स्वस्तातला डबा जी भाषा बोलतो ती जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. सिक्वेन्शिअलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ अशी दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका वायरीने जोडून दाखवली होती. माझ्या जन्माआधीची भाषा, आणि आजही तशीच चालते.

आवाज उशिरा येणं हे दुसरं दुखणं. पट्टी दाबल्यावर किंचित थांबून स्वर येत असेल तर बफर बघा, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी कॉम्प्युटर किती साठवून ठेवतो ते. ४४,१०० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) १०२४ चा बफर म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे तीन. विंडोजवर ऑडिओ इंटरफेस (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) नसेल तर एएसआयओ-फॉर-ऑल हा फुकट ड्रायव्हर टाका. तो चालू असताना यूट्यूब मुकं झालं तर घाबरू नका, त्याने साउंड कार्ड ताब्यात घेतलेलं असतं. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवायला बसू नका. मी महिनाभर बफरशी भांडत होते आणि दोषी निघाला माझा वाढदिवसाला मिळालेला बिनवायरीचा हेडफोन.

पंचवीस पट्ट्यांत दोन सप्तकं बसतात. पण आमच्या महिला मंडळाची गायची पट्टी काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी, आणि तिथून सा धरला की वर तार मध्यमाच्या आत पट्ट्या संपतात. यावर उपाय स्केलचेंजर पेटीसारखाच: ट्रान्स्पोज. बोटं पांढरी एकवर, आवाज काळी चारचा. एकदा ते बटण चालूच राहिलं आणि पुरुषांच्या काळी एकच्या अभंगाचा अख्खा ट्रॅक मी भलत्याच पट्टीत भरला. पुन्हा वाजवावा लागला नाही. सगळे स्वर निवडून खाली सरकवले, झालं. माइकने पेटी रेकॉर्ड केली असती तर ती रात्र गेलीच होती.

तसाही माइक आमच्या घरी कठीण. कळव्यात रुळांच्या बाजूला घर. शेवटची लोकल गेली तरी मालगाड्या जातच असतात. मिडीला त्यातलं काही ऐकू येत नाही, हे मला यातलं सगळ्यात मोठं सुख वाटतं. गायन तेवढं मंडळातल्या एकीच्या हिरानंदानी सोसायटीतल्या फ्लॅटवर करते.

तालाचं थोडक्यात. रूपक असेल तर प्रोजेक्टला सात मात्रा सांगा, नाहीतर ग्रिडची, म्हणजे स्क्रीनवरच्या मात्रांच्या रेघांची, सम भलतीकडे पडते. क्वांटाइझ, म्हणजे स्वर त्या रेघांवर नेऊन बसवणं, शंभर टक्के करू नका. भजनाचा ठेका पूर्ण सरळ केला की दिंडीची कवायत होते. मी पन्नासवर थांबते.

आणि स्वर अडकला तर? एकदा पट्टी दाबलेली असतानाच वायर निघाली. सोडल्याचा निरोप पोचलाच नाही आणि रात्री अकराला षड्ज एकसारखा घुमत राहिला. आई आतून ओरडली, "तो तंबोरा बंद कर!" सॉफ्टवेअरमध्ये सगळे स्वर थांबवण्याची आज्ञा असते, ती आधीच शोधून ठेवा.

आता कामाचं. सुरुवात रियाजाच्या ट्रॅकनी झाली, मग शाळांच्या स्नेहसंमेलनांची कामं आली. एका मंडळाने "दहा मिनिटांचं तर काम आहे" म्हणून चार वेळा चाल बदलून घेतली आणि पैशाचं नाव काढलं नाही. तेव्हापासून निम्मे आधी, बदल दोनदा. फाइलच्या नावात पट्टी आणि लय लिहिते, नाहीतर गायिका कार्यक्रमात विचारते, "ही कितवी काळी?" आणि तुकोबांचे शब्द सगळ्यांचे असले तरी चाल कुणाची तरी असते. ती पारंपरिक आहे की कुणा संगीतकाराची, हे विचारल्याशिवाय ट्रॅक करत नाही.

गेल्या महिन्यात मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकूंना एक ट्रॅक फोनवर पाठवला. पेटीचा आवाज, भाता नॉबवर. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "छान झालंय गं. पण दुसऱ्या कडव्यात भाता मारणारी झोपली होती का?" उघडून पाहिलं तर दुसऱ्या कडव्यात तीन आवर्तनं सीसी ११ ची रेघ सपाट. तेव्हा मी डाव्या हाताने वहीचं पान उलटत होते.