टीव्हीचा उपग्रह कसा चालवावा आणि वेळेवर निवृत्त कसा करावा

छतावरची डिश एकदा नीट बसवली की वर्षानुवर्षे हलवावी लागत नाही, कारण तिच्या समोरचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागी ठेवलेला असतो. 'ठेवलेला' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीने त्याची कक्षा दरवर्षी जवळपास एक अंशाने कलत जाते, आणि हा कल सावरण्यासाठी थ्रस्टर, म्हणजे उपग्रहाला ढकलणारी छोटी इंजिने, चालवून वर्षभरात एकूण सेकंदाला सुमारे ५० मीटर इतका वेगबदल करावा लागतो; जितका वेगबदल, तितके इंधन खर्च होते. पृथ्वीचे विषुववृत्त अचूक वर्तुळ नसल्यामुळे उपग्रह पूर्व-पश्चिमही सरकतो. पण त्या दुरुस्तीचा खर्च किरकोळ असतो. १२ मार्च २००७ रोजी एरियान-५ अग्निबाणाने गेलेल्या आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर राहिलेल्या इन्सॅट-४बी या आपल्या उपग्रहाला हेच गणित लागू होते.

म्हणून इंधनाचा हिशेब मांडताना सर्वांत शेवटचा खर्च सर्वांत आधी वजा करावा. निवृत्त उपग्रह भूस्थिर पट्ट्याच्या, म्हणजे असे एका जागी ठेवलेले उपग्रह असतात त्या कक्षेच्या, वर किमान २३५ किलोमीटर न्यावा आणि त्याचे क्षेत्रफळ व वस्तुमान यांच्या प्रमाणात, म्हणजे सूर्यप्रकाशाचा दाब त्याला किती ढकलेल हे पाहून, आणखी काही किलोमीटरची भर घालावी, असा अवकाश-कचऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय समितीचा संकेत आहे. इन्सॅट-४बीसाठी हा आकडा २७३ किलोमीटर आला. दर १०० किलोमीटर चढाईला सेकंदाला साधारण ३.६५ मीटर वेगबदल लागतो. म्हणजे निवृत्तीचा खर्च सुमारे तीन महिन्यांच्या सेवेइतका होतो. हे तीन महिने मालकाला नेहमीच खुणावतात, कारण तेवढ्या काळाचे ट्रान्सपॉन्डरचे, म्हणजे वाहिन्यांचे संकेत घेऊन परत पाठवणाऱ्या उपकरणांचे, भाडे डोळ्यांसमोर असते. ही राखीव रक्कम मोडू नये.

खरी अडचण मोजणीची आहे. वजनरहित अवस्थेत टाकीतील द्रव तळाशी बसत नाही, त्यामुळे मोटारीच्या टाकीत असतो तसा काटा तेथे उपयोगाचा नाही. पहिली पद्धत वहीखात्याची: थ्रस्टर प्रत्येक वेळी किती सेकंद चालले आणि तेव्हा दाब किती होता, याची पहिल्या दिवसापासून नोंद ठेवावी आणि खर्च वजा करत जावे. यात प्रत्येक नोंदीची बारीक चूक साचत जाते आणि दहा-बारा वर्षांनी तिचा आकार लक्षात येण्याजोगा होतो. दुसरी पद्धत टाकीतील इंधन ढकलण्यासाठी भरलेल्या हेलियम वायूचा दाब व तापमान पाहून वायूने किती जागा व्यापली आहे, हे काढण्याची. परंतु टाकी रिकामी होत आली की एक किलो इंधन गेल्याने दाब अगदी थोडा बदलतो, त्यामुळे नेमकी गरज असते तेव्हाच ही पद्धत मंद होते. तिसऱ्या पद्धतीत टाकी हीटरने थोडी तापवून ती किती वेगाने तापते हे पाहतात, कारण कमी द्रव असलेली टाकी लवकर तापते. तिन्ही उत्तरे ताडून पाहावीत आणि मतभेद राहिल्यास सर्वांत कमी शिल्लक दाखवणारे उत्तर धरून निर्णय घ्यावा.

विषुवदिनांच्या आसपास, वर्षातून दोनदा सुमारे दीड महिना, उपग्रह रोज पृथ्वीच्या सावलीतून जातो आणि हा काळ ७० मिनिटांपर्यंत वाढतो. त्या दिवसांत बॅटरीची काळजी घ्यावी. वीजपुरवठा दगा देऊ शकतो, हे इन्सॅट-४बीने दाखवले: जुलै २०१० मध्ये सौरपॅनेलमधील बिघाडामुळे निम्मे ट्रान्सपॉन्डर बंद ठेवावे लागले. तरीही १२ वर्षांसाठी बांधलेला हा उपग्रह सुमारे १४ वर्षे कामात राहिला.

इंधन कमी उरल्यावर उत्तर-दक्षिण दुरुस्ती थांबवून आयुष्य वाढवता येते. मात्र मग उपग्रह आकाशात रोज इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट चालू लागतो आणि कल वाढत गेला की स्थिर घरगुती डिशला तो नीट सापडत नाही. जहाजांवरील हलत्या अँटेनांसाठी हे चालेल, टीव्हीसाठी नाही. त्याऐवजी बदली उपग्रह त्याच रेखांशावर आणावा. दूरदर्शनच्या फ्री डिशची सेवा ९३.५ अंशांवरच्याच जीसॅट-१५कडे गेल्यामुळे लाखो घरांना डिशची दिशा बदलावी लागली नाही.

सेवा हलवून झाल्यावरच चढाई सुरू करावी. थ्रस्टर एकदाच दीर्घकाळ चालवू नयेत. कक्षेच्या समोरासमोरच्या बिंदूंवर, म्हणजे साधारण बारा तासांच्या अंतराने, थोडे थोडे चालवावेत, म्हणजे कक्षा गोल राहते. तशी न राहिल्यास तिचा खालचा भाग पुन्हा चालू उपग्रहांच्या पट्ट्यात शिरू शकतो. इन्सॅट-४बीसाठी १७ ते २३ जानेवारी २०२२ या काळात अशा ११ दुरुस्त्या केल्या आणि तो भूस्थिर कक्षेच्या सुमारे ३४० किलोमीटर वर पोहोचला.

तेथे उरलेले इंधन आणि दाबाचा वायू सोडून द्यावा, बॅटरी रिकामी करून तिचे चार्जिंग तोडावे, नाहीतर वर्षांनंतर स्फोट होऊन तुकडे पसरतात. सर्वांत शेवटी ट्रान्समीटर बंद करावेत. हे राहून गेले तर काय होते, ते २०१० मध्ये भरकटलेल्या गॅलेक्सी-१५ने दाखवले: आज्ञा न मानणारा तो उपग्रह प्रक्षेपण चालू ठेवून महिनोन्महिने शेजाऱ्यांच्या जागांमधून सरकत होता. २४ जानेवारी २०२२ रोजी इन्सॅट-४बी बंद करण्यात आला. आता तो पृथ्वीच्या फिरण्यामागे पडत रोज सुमारे चार अंशांनी पश्चिमेकडे सरकतो, आणि किमान १०० वर्षे तरी खालच्या पट्ट्यात परत येणार नाही.