केमिस्ट्रीची गणितं करताना या चुका टाळा

गॅसचं गणित चुकलं की पोरं आधी फॉर्म्युला तपासत बसतात. फॉर्म्युला बरोबरच असतो हो, पीव्ही बरोबर एनआरटी (प्रेशर गुणिले व्हॉल्यूम बरोबर मोल गुणिले आर हा स्थिरांक गुणिले तापमान; १ मोल म्हणजे रेणुभाराइतके ग्रॅम) कोण विसरतंय! घोळ होतो तो त्यात काय कोंबलं तिथे. त्याच त्या चुकांवर लाल पेन फिरवून कंटाळलोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिला मान सेल्सियसचा. २ लिटर गॅस २७ डिग्रीला आहे, प्रेशर तेच ठेवून ५४ डिग्रीला नेला तर किती? अर्धा वर्ग ४ लिटर लिहून मोकळा. अरे बाबांनो, इथे तापमान केल्विनमध्ये लागतं, सेल्सियसमध्ये २७३ मिळवायचे; २७ म्हणजे ३०० केल्विन आणि ५४ म्हणजे ३२७, उत्तर येतं २.१८ लिटर. दुप्पट हवा असेल तर ६०० केल्विन, म्हणजे ३२७ डिग्री सेल्सियसपर्यंत तापवावा लागेल. पटत नसेल तर ५४ च्या जागी उणे १० घालून बघा, व्हॉल्यूमच मायनसमध्ये येतो. मी गणित उतरवतानाच केल्विन लिहितो, नंतर बदलू म्हटलं की राहतंच.

फॉर्म्युल्यातल्या आर चं पण तेच, युनिटप्रमाणे आकडा बदलतो. प्रेशर अ‍ॅटमॉस्फियरमध्ये, व्हॉल्यूम लिटरमध्ये, तर ०.०८२१. पास्कल आणि घनमीटर असेल तर ८.३१४. सरमिसळ केली की ० डिग्रीला १ मोल गॅस २२.४ ऐवजी २२७० लिटर येतो, आणि तेही लोक बिनधास्त अधोरेखित करतात!

आता माझी फजिती. कॉलेजात ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, द्रावण १ लिटर करायचं होतं. घाई होती, तोंडीच हिशोब केला: कॉपर ६३.५, सल्फर ३२, चार ऑक्सिजन ६४, झाले १५९.५. निळे खडे १५.९५ ग्रॅम मोजले, विरघळवले, मोकळा झालो. मग किती तीव्र झालंय ते तपासायला आयोडाइड घालून हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून किती लागतं ते मोजायचं. १० मिली द्रावणाला ०.१ मोलर हायपो १० मिलीच्या आसपास लागायला हवं, रीडिंग ६.४. परत केलं, ६.४. ब्युरेट धुतली, स्टार्च नवीन केला, हायपो खराब म्हणून ते पण परत बनवलं, तरी ६.४च. अख्खी दुपार गेली. शेवटी बाटली कपाटात ठेवताना लेबलवर रेणुभार दिसला, २४९.७! खडे निळे आहेत म्हणजे आत पाण्याचे पाच रेणू बसलेत, त्यांचे ९० कोण धरणार? घ्यायला हवे होते जवळपास २५ ग्रॅम. तेव्हापासून रेणुभार डोक्यातून नाही, बाटलीवरूनच घेतो. शॉर्टकट मारणाऱ्यांना हे सांगितलं की हसतात, मग त्यांचं पण ६.४ येतं.

बाकी किरकोळ. मोलॅरिटीसाठी १ लिटर पाण्यात मीठ टाकायचं नसतं, थोड्या पाण्यात विरघळवून मग खुणेपर्यंत १ लिटर करायचं. ३२ ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे १ मोल, २ नाही. मधल्या स्टेपला राउंड ऑफ करू नका. एसटीपीला (प्रमाण तापमान आणि प्रेशर, ० डिग्री) प्रेशर १ बार धरलं असेल तर १ मोल गॅसचे २२.७ लिटर, १ अ‍ॅटमॉस्फियर असेल तर २२.४, प्रश्नात काय दिलंय ते आधी वाचा.

आणि १८ ग्रॅम पाणी म्हणजे एसटीपीला २२.४ लिटर असं लिहिणाऱ्यांनी एकदा १८ ग्रॅम पाणी मेजरिंग सिलिंडरमध्ये ओतून बघावं. १८ मिली भरतं.