वाळूमाशी शोधताना: काळा आजाराच्या कामात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलं मला विचारतात, की रोगवाहक कीटकांच्या कामात यायचं तर सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर ठरलेलं आहे: गोठ्यापासून. काळा आजार, म्हणजे लांबलेला ताप आणि प्लीहावाढ आणणारा परजीवीचा रोग, पसरवणारी वाळूमाशी तिथेच सापडते.

मी विदर्भातली. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात जो विषाणू सापडला, तोही वाळूमाशीच पसरवते. त्यामुळे हे नाव कानावर होतं, पण माशी प्रत्यक्ष पाहिली ती उत्तर बिहारात. तिथले लोक तिला ‘बालू मक्खी’ म्हणतात. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, डासाहूनही लहान, अंगभर केस, आणि बसली की पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उभे. ती लांब उडत नाही, भिंतीवर टुणटुण उड्या मारते. पहिले तीन दिवस मला एकही दिसली नाही. मी विजेरीचा झोत सरळ भिंतीवर मारत होते. आमच्या जुन्या कीटक संग्राहक काकांनी माझा हात धरून विजेरी तिरकी केली आणि भिंतीच्या फटीत बारीक सावल्या हलल्या. तेव्हा पहाटे जा, विजेरी तिरकी धरा आणि ॲस्पिरेटरने, म्हणजे तोंडाने हवा ओढायच्या नळीने, हलकेच ओढा.

पकडलेली प्रत्येक माशी कामाची नसते. भारतात काळा आजार पसरवते ती फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस ही वाळूमाशीची जात, आणि चावते फक्त मादी. त्याच गोठ्यात सर्जेंटोमाया या दुसऱ्या प्रकारच्या वाळूमाश्याही ढीगभर सापडतात. फ्लेबोटोमसच्या पोटावरचे केस उभे, सर्जेंटोमायाचे आडवे झोपलेले. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी पहिल्या महिन्यात दोन्ही एकत्र मोजल्या आणि सगळ्या नळ्या पुन्हा तपासाव्या लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली मान दुखेपर्यंत बसायची तयारी ठेवा, कारण त्या आकड्यांवर फवारणी कुठे करायची ते ठरतं.

डासांच्या कामातून येणारे पाण्याची डबकी शोधू लागतात. ही माशी पाण्यात वाढत नाही. शेण, पालापाचोळा मिसळलेली ओलसर माती, गोठ्याचे कोपरे, मातीच्या भिंतींच्या भेगा ही तिची जागा. म्हणूनच घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींवर, जमिनीपासून सहा फुटांपर्यंत फवारणी करतात. उंच उडत नसल्यामुळे तेवढं पुरतं. पूर्वी डीडीटी वापरत, पण माशी त्याला दाद देईना, म्हणून आता अल्फासायपरमेथ्रिन वापरतात. नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर धरायचं आणि वरून खाली एकसारखा पट्टा ओढायचा. पहिल्याच दिवशी पंप स्वतः पाठीवर घ्या. घामाने भिजल्याशिवाय कामगाराचा पट्टा मध्येच का तुटतो ते कळत नाही.

आणि फवारणीनंतर पुन्हा त्या घरी जा. माझ्या हातातल्या नोंदवहीत एक घर ‘पूर्ण’ लिहिलेलं होतं. तिथे गेले तर बाई कोपरापर्यंत शेणमातीने माखलेल्या, भिंत लिंपत होत्या. पंधरा दिवसांवर मुलीचं लग्न. औषधाचा सगळा थर त्या लिंपणाखाली गेला होता. “मॅडमजी, पाहुणे येणार, घर असंच ठेवू का?” त्यांचं काय चुकलं? किमान तीन महिने भिंत लिंपायची नाही, हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून फवारणीच्या तारखा ठरवताना मी आशा दीदीला आधी विचारते, की या टोल्यात कुणाकडे कार्य आहे का. टोला म्हणजे वाडी. आशा दीदीला जे ठाऊक असतं, ते आपल्या कुठल्याच फॉर्ममध्ये नसतं.

शिकायचं कुठे? पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राची एम.एस्सी. आहे. पाटण्याची राजेंद्र स्मारक संस्था काळा आजारावरच्या संशोधनासाठी ओळखली जाते. हिंदी चांगली हवी, आणि भोजपुरी किंवा मैथिली कानाला रुळेल तेवढं उत्तम.

तालुक्यात, म्हणजे तिथल्या ब्लॉकमध्ये, वर्षाला दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, हे निर्मूलनाचं उद्दिष्ट. आता रुग्ण खूप कमी झालेत आणि म्हणूनच काम अवघड झालंय. दोन आठवड्यांवर ताप आणि वाढलेली प्लीहा असलेला माणूस निदान दवाखान्यात तरी येतो. पण बरं झाल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, काहींच्या त्वचेवर फिकट डाग येतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत, म्हणून कुणी दाखवत नाही. त्या डागांत परजीवी असतात आणि तिथे चावलेली माशी पुन्हा आजार घेऊन जाते.

एकदा आमच्या पथकाला पंपासाठी पाण्याच्या बादल्या आणून देणाऱ्या पोराच्या हनुवटीवर तसे डाग दिसले. कोड समजून तो चेहरा गमछ्याने झाकायचा. लहानपणी काळा आजार झाला होता, हे त्याच्या आईने सांगितलं. मी त्याला स्वतः सोबत घेऊन आरोग्य केंद्रात गेले. बारा आठवडे गोळ्या चालल्या, आणि पुढच्या फेरीत फवारणी त्याच्या टोल्यापासून सुरू झाली.