कॉर्नासची सिराह : नाशिकचा हात घेऊन उतारावर जाताना या चुका टाळा

नाशिकच्या वाइन बागांत जिला शिराझ म्हणतात, तीच फ्रान्सची सिराह ही द्राक्षाची जात. इथे तिच्यावर हात बसलेली मुलं तिकडे शिकायला किंवा तोडणीला जातात, तेव्हा वाटतं वेल तीच, काम तेच. फ्रान्समधल्या कॉर्नास गावात हा भ्रम पहिल्या तासाभरात उतरतो. रोन नदीच्या उजव्या काठावर, वालांस शहरासमोर, ग्रॅनाइटच्या डोंगरउतारावर जेमतेम दीडशे हेक्टरांच्या आसपास बागा आहेत. 1938 पासून नियम असा की कॉर्नास नावाने फक्त सिराहचीच रेड वाइन विकायची.

तिथे गेल्यावर 'हा वाण इराणातल्या शिराझ शहरातून आला' ही गोष्ट सांगायला जाऊ नका. डीएनए तपासणीत या वाणाचे आईबाप सापडलेत : माँदूझ ब्लांश आणि दुरेझा. त्यातली दुरेझा आर्देशची, म्हणजे कॉर्नासच्याच जिल्ह्यातली.

आता कामाचं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे उताराकडे देखावा म्हणून पाहणं. दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पट्ट्यांना तिथे 'शाये' म्हणतात. बहुतेक पट्ट्यांवर ट्रॅक्टर चढत नाही. उन्हाळी वादळ झालं की माती खालच्या बांधापाशी येऊन बसते आणि ती पुन्हा वर न्यावी लागते. पूर्वी पाठीवरून, आता बऱ्याच ठिकाणी दोरखंडाच्या यंत्राने. म्हणून सगळं तण साफ करून जमीन चकाचक ठेवायची आपली हौस इथे महागात पडते. बांधातला एक दगड हलला तर त्याच दिवशी बसवा. पुढच्या पावसाने तिथे भगदाडच पडतं.

तोडणीत क्रेट वेलीच्या खालच्या बाजूला ठेवू नका. मी ठेवला होता. अर्धा भरल्यावर तो घसरला आणि दोन पट्ट्या खाली जाऊन उलटला. वरच्या बाजूला, खोडाला टेकवून ठेवला की जागचा हलत नाही.

छाटणीचं गणितही वेगळं. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी, कारण आपली वेल थंडीने झोपत नाही. तिथली झोपते, म्हणून हिवाळ्यात एकदाच छाटायचं, तेही आखूड, साधारण दोन डोळे (काडीवरचे कोंब फुटायचे) राखून. मांडव किंवा वाय (Y) आकाराचा आधार नाही; प्रत्येक वेलीला स्वतंत्र लाकडी खुंट. सिराहची काडी लांब, लोंबती आणि ठिसूळ. जूनच्या वाऱ्यात बांधायची राहिली तर बुडातून मोडते, आणि तिच्याबरोबर पुढच्या वर्षीची छाटणीची जागाही जाते. बांधणीला आठवडाभर उशीर म्हणजे काय, हे मोजायला मग कॅल्क्युलेटर लागत नाही.

केवडा आणि भुरी हे बुरशीचे दोन्ही रोग तिथेही आहेत. त्यांच्यावर फवारायचं तांब्याचं बोर्डो मिश्रण तर नावासकट फ्रान्सचंच! पण 'आणखी एक फवारणी मारून टाकू' हे तिथे चालत नाही : युरोपीय नियमानुसार तांबं सात वर्षांत हेक्टरी 28 किलोच्या आत बसवावं लागतं. पाठीवर पंप घेऊन चढणारा माणूस तसाही हिशेबाने फवारतो. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग दिसला की पान उलटून बघा. खाली पांढरी बुरशी असेल तर केवडा.

सप्टेंबरमध्ये काही वेलींची पानं अकाली लाल झाली, की आपला पहिला विचार मॅग्नेशियमच्या कमतरतेचा. तो आधी बाजूला ठेवा आणि खाली वाका. कलमाचा जोड फुगलाय का, साल काढल्यावर लाकडात खोल उभ्या चिरा दिसतात का, ते बघा. दिसल्या तर तो 'सिराहचा ऱ्हास'. त्याला औषध नाही. वेल काढून सिराहचाच या रोगाला कमी बळी पडणारा क्लोन (निवडक वेलीपासून वाढवलेली रोपं) लावायचा. पानांच्या कडा खाली वळल्यात आणि शिरा हिरव्याच असतील, तर संशय लीफरोल विषाणूवर घ्या. खत दोन्हीवर चालत नाही.

तळघरात एकच गोष्ट नाकाने धरायची : सडक्या अंड्याचा वास. हलक्या, भुकेल्या जमिनीतल्या रसात यीस्टला नायट्रोजन कमी पडतं आणि सिराह तर या वासाला आधीच कललेली. आंबवण सुरू असतानाच रस खालून काढून हवा देत वरून ओता. रसातलं नायट्रोजन आधीच मोजलेलं असेल तर उत्तम. 'पिंपात मुरताना वास निघून जाईल' म्हणून थांबलात तर त्याची रबरासारखी, जळक्या वासाची संयुगं होतात, आणि ती नुसत्या हवेने हलत नाहीत.

देठासकट घड आंबवायची तिथे जुनी पद्धत आहे. ती करून पाहायची असेल तर आधी देठ मोडा. हिरवा वाकला तर काढून टाका, तपकिरी होऊन कडकन तुटला तर आंबवणात जाऊ द्या.