घरी फोटो प्रिंट करायचेत? आधी ४×६ इंची फोटो पेपरचं एक पाकीट आणा

फोटो घरी छापायचे म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, कुठला प्रिंटर घेऊ? मी म्हणतो थांबा जरा, घरात जो धूळ खात पडलाय तो इंकजेट (ओली शाई फवारणारा) आहे की लेझर (कोरडी पावडर गरम करून चिकटवणारा) ते आधी बघा. लेझर असेल तर इंकजेटचा ग्लॉसी पेपर त्यात चुकूनही घालू नका, त्या पेपरवरचा लेप आतल्या गरम रोलरवर वितळून चिकटतो आणि मग प्रिंटरच दुरुस्तीला. इंकजेट असेल, अगदी मुलांच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला चार शायांचा टँकवाला असला तरी चालेल, सुरुवात त्याच्यावरच करा.

पुढे नाद लागलाच तर सहा शायांचे येतात, एपसनचा एल८०५० किंवा कॅननचा जी५७०. एपसनमध्ये फिका निळा आणि फिका गुलाबी जास्तीचा असतो, कॅननमध्ये लाल आणि राखाडी. फरक दिसतो तो चेहऱ्यावर आणि आभाळात, जिथे रंग हळूहळू बदलतो तिथे दाणे दिसत नाहीत. आणि ज्यांना महिन्यातून चारच फोटो काढायचेत त्यांनी कॅननचं सेल्फी सीपी१५०० बघावं (नाव सेल्फी असलं तरी कॅमेरा नाहीये तो). त्यात शाई नसतेच, रिबन असते, कागद चार वेळा आत-बाहेर होतो, आधी पिवळा मग गुलाबी मग निळा आणि शेवटी वरून पारदर्शक थर, घरातली पोरं तोंड उघडं टाकून बघत बसतात. शाई वाळायची भानगड नाही, पण पोस्टकार्डाएवढ्या फोटोच्या पुढे ते जात नाही.

आता फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो छापू नका, तो येताना लहान करून येतो. ज्याने काढलाय त्याला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव. हिशोब सोपा आहे, एका इंचाला ३०० पिक्सेल धरायचे, म्हणजे ४×६ ला १२००×१८०० पुरतात आणि ए४ ला साधारण २५००×३५०० लागतात. दुसरी गोची म्हणजे आकार. मोबाइलचा फोटो असतो ४:३ आणि कागद ३:२, त्यामुळे आडवा फोटो कागदभर छापला की उंचीतला नववा हिस्सा कापला जातो, आणि ग्रुप फोटोत त्या नवव्या हिश्श्यात नेमकं मागे उभ्या असलेल्या काकांचं डोकं असतं. विंडोजच्या प्रिंट खिडकीत फ्रेममध्ये बसवायची जी टिक आधीपासून लावलेली असते ती हेच करते. म्हणून आधी स्वतःच ३:२ मध्ये क्रॉप करा, काय जाणार ते तुम्ही ठरवा.

कागद २०० जीएसएमच्या (पाकिटावर लिहिलेलं कागदाचं वजन, जास्त म्हणजे जाड) पुढचा घ्या, त्याखालचा हातात घेतला की पत्रिकेसारखा वाटतो. ग्लॉसी, मॅट आणि मधला सॅटिन किंवा लस्टर. माझं मत विचाराल तर सॅटिन, बोटांचे ठसे दिसत नाहीत आणि ट्यूबलाइटची चमकही डोळ्यात येत नाही. पण पाच प्रकारची पाकिटं एकदम आणू नका, एकच आणा आणि संपेपर्यंत तेच वापरा, नाहीतर बिघडलं काय ते कळतच नाही. छापायची बाजू कुठली कळत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओलसर बोट लावा, जी बाजू चिकटते ती छापायची.

आणि आता जिथे सगळे आपटतात ती जागा. मी पहिल्यांदा आईचा पैठणीतला फोटो छापला तेव्हा तो लोडशेडिंगमध्ये काढल्यासारखा आला, वर बारीक रेघा, आणि काळ्या केसांवर बोट लागलं तर केस गालावर आले! दोन दिवस प्रिंटरला शिव्या घातल्या. चूक माझीच होती, सेटिंगमध्ये पेपर टाइप प्लेन राहिला होता. काही प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची) असते, साध्या कागदाला चांगली पण ग्लॉसीवर ती वाळतच नाही. पेपर टाइप बरोबर दिला की प्रिंटर तिला बाजूला ठेवून बाकीच्या रंगांतून काळा बनवतो आणि शाईही कमी-जास्त सोडतो. तेव्हा छापायच्या आधी दोन गोष्टी, पेपर टाइप फोटोचा आणि क्वालिटी हाय, दर वेळी बघायच्या कारण हे सेटिंग आपोआप परत मागे जातं.

काळपटपणाचं दुसरं कारण स्क्रीन. मोबाइल फुल ब्राइटनेसवर ठेवून एडिट करायचं आणि मग कागदावर अंधार, असं होणारच, कागदाला स्वतःचा उजेड नसतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणा, मग फोटो बघा, शॅडो म्हणजे अंधारे भाग थोडे उजळा. आणि एक करा, सगळ्यात आधी एकच ४×६ काढून खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा, तो पटला की मगच ए४. रंग सांभाळायचं काम प्रिंटरकडे द्या किंवा एडिटिंग सॉफ्टवेअरकडे द्या, दोघांकडे दिलं की चेहरे लालबुंद होतात. सुरुवातीला प्रिंटरकडेच राहू द्या, फाइल एसआरजीबी (फोटोच्या रंगांची नेहमीची पद्धत) ठेवा, झालं.

रेघा तरीही येत असतील तर प्रिंटरच्या मेनूतून नोझल चेक काढा, म्हणजे शाईची छिद्रं बुजलीत का ते दाखवणारं चाचणीचं पान. तुटक दिसलं तर हेड (शाई सोडणारा भाग) क्लीनिंग एकदा, फार तर दोनदा, मग काही तास तसंच ठेवून परत बघा. सारखं सारखं क्लीनिंग करत बसलात तर टाकीतली शाई तशीच गटारात गेल्यासारखी जाते. त्यापेक्षा आठवड्याला एक रंगीत पान काढत जा, हेड वाळत नाही.

पावसाळ्यात मात्र वेगळंच, मुंबई-कोकणातल्या लोकांना सांगायला नको. उघडं पाकीट जुलैत बाहेर राहिलं की कागद पापडासारखा वळतो आणि रोलरमध्ये अडकतो. सिलिका जेलच्या पुड्या टाकून झिपच्या पिशवीत ठेवा, लागतील तेवढेच काढा. छापलेले फोटो लगेच एकावर एक रचू नका, एक दिवस पसरून ठेवा, फ्रेम करायची असेल तर काच फोटोला टेकू देऊ नका, आणि जिथे थेट ऊन येतं त्या भिंतीवर तर नकोच, साध्या डाय शाईचे (विरघळलेल्या रंगाच्या) रंग उन्हात उडतात. मागे नाव-तारीख लिहायची असेल तर बॉलपेन दाबून लिहू नका, समोर उमटतं, बारीक मार्करने कोपऱ्यात लिहा आणि तेही वाळू द्या, नाहीतर ती तारीख खालच्या फोटोच्या कपाळावर.