मुलाखतीच्या रांगेतली मैत्री: ती कशी जोडावी आणि कशी सांभाळावी

नवरा कारागृहात गेला की बाईला पहिल्या आठवड्यातच नाना गोष्टी विचारायच्या असतात आणि त्या विचाराव्यात असे माणूस मात्र उरलेले नसते. माहेरी सांगितले तर रडारड होते, सासरचे लोक तोंड फिरवतात आणि वकिलाचा फोन लागत नाही. अशा वेळी खरी माहिती असते ती कारागृहातल्या मुलाखतीच्या, म्हणजे आतल्या माणसाला भेटण्याच्या, रांगेत आपल्या पुढे उभ्या असलेल्या बाईकडे. एरवी जिच्याशी आपली कधी गाठही पडली नसती, ती बाई पुढे वर्षानुवर्षांची मैत्रीण होऊ शकते. ही मैत्री नशिबावर सोडू नये, ती समजून-उमजून करावी, असे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

माझा नवरा पतसंस्थेत कारकून होता आणि अपहाराच्या गुन्ह्यात दोन वर्षांहून अधिक काळ न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला कैदी, म्हणून आत राहिला. पहिल्या मुलाखतीला मी पर्समध्ये मोबाईल, स्टीलच्या डब्यात पुरणपोळ्या आणि आधार कार्डाची एकही झेरॉक्स नाही, अशी जाऊन उभी राहिले. मागून एक वयस्कर बाई म्हणाल्या, "ताई, डबा आत घेत नाहीत. मोबाईल त्या टपरीवर ठेवा, आणि आधी झेरॉक्स काढून आणा, तवर मी तुमची जागा धरते." त्या भाजी विकत. त्यांचा नवरा मारामारीच्या प्रकरणात आत होता. मी त्यांना अक्का म्हणू लागले. त्या पुरणपोळ्या आम्ही दोघींनी फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून खाल्ल्या.

तेव्हा सुरुवात अशीच छोट्या कामाने करावी. रांगेतल्या बाईला मुलाखतीचे वार कोणते, नाव कोणत्या खिडकीवर लिहायचे, कोणते कपडे आत घेतात, कँटीनसाठी पैसे कसे जमा करायचे आणि ई-मुलाखतीची, म्हणजे व्हिडिओवरून भेटण्याची, नोंदणी कशी करायची, एवढेच विचारावे. या बाबी प्रत्येक कारागृहात थोड्या वेगळ्या असतात, त्यामुळे पुण्याच्या येरवड्याला चालते ते कोल्हापूरच्या कळंब्याला चालेलच असे नाही. हे विचारताना आपल्याकडे जे आहे तेही द्यावे. अक्कांना लिहिता येत नव्हते, मी त्यांचे अर्ज लिहू लागले. मला माणसांशी बोलता येत नव्हते, त्या माझ्या वतीने हवालदाराशी बोलू लागल्या. मैत्री टिकली ती या देवाणघेवाणीमुळे, कारण केवळ दुःख सारखे असल्याने जवळ आलेल्या बायका पुढे त्याच दुःखाला कंटाळून दुरावलेल्या मी पाहिल्या आहेत.

"तुमच्यांनी काय केलं?" हा प्रश्न कधीही विचारू नये. तिने आपण होऊन सांगितले तर ऐकावे, पण खोदून विचारू नये आणि तिसरीकडे बोलू नये. यात सभ्यता आहेच, शिवाय कायद्याचीही बाजू आहे. लग्नाच्या काळात नवऱ्याने बायकोला सांगितलेल्या गोष्टींना भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 128 चे संरक्षण आहे, परंतु तीच गोष्ट आपण मैत्रिणीला सांगितली तर तिच्या बाबतीत हे संरक्षण लागू होत नाही. तिला साक्षीला बोलावले जाऊ शकते आणि फोनवरचे संदेश पुरावा म्हणून पुढे येऊ शकतात. त्यामुळे घटनेच्या रात्री कोण कुठे होते, पैसे कोणी काढले, याची चर्चा रांगेतही नको आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. दोघींचे नवरे एकाच गुन्ह्यातले आरोपी असतील तर अधिकच जपावे. आज दोघांचा बचाव एक असला तरी उद्या एकाचा वकील दुसऱ्यावर बोट ठेवू शकतो, आणि त्या दिवशी मैत्रिणीला आपले काय काय माहीत आहे याचा घोर लागतो. अशा दोघींनी मुलांविषयी, घरभाड्याविषयी, तब्येतीविषयी हवे तेवढे बोलावे, खटल्याविषयी मात्र आपापल्या वकिलाशीच बोलावे.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे. प्रत्येक बाईला नवरा लवकर सुटावा असे वाटतेच असे नाही. कित्येकींच्या अंगावरचे वळ तो आत गेल्यावरच बरे झालेले असतात. ती मुलाखतीला येईनाशी झाली तर "असं कसं, नवरा आहे तुझा" असे म्हणू नये.

खटल्याच्या कामासाठी दोघींनी मिळून एक वही ठेवावी. आमची वही दोनशे पानी होती, डाव्या पानावर अक्कांची प्रकरणे आणि उजव्या पानावर माझी. पहिल्या पानावर गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, कलमे, अटकेची तारीख, वकिलाचा क्रमांक आणि प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लिहावा. हा क्रमांक ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख दिसते आणि त्यासाठी कोणाच्या हातापाया पडावे लागत नाही. पुढच्या पानांवर प्रत्येक तारखेला काय झाले ते एका ओळीत लिहावे: आरोपीला हजर केले, गार्ड नसल्याने आणले नाही, साक्षीदार आला नाही. एकीला सुट्टी नसेल तेव्हा दुसरीने कोर्टात जाऊन बसावे आणि तिचीही ओळ भरावी.

या वहीचा खरा उपयोग हिशेबाला होतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या बंद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे; इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. म्हणजे कमाल शिक्षा सात वर्षे असेल तर पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याचा हिशेब दोन वर्षे चार महिन्यांचा होतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले चालू असणाऱ्यांना हा लाभ मिळत नाही. जुन्या प्रकरणांनाही ही तरतूद लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले. मुदत भरल्यावर कारागृह अधीक्षकांनी न्यायालयाला लेखी कळवायचे असते, तरीही मैत्रिणीच्या पानावरची तारीख आपण मोजावी आणि तिच्या वकिलाला आठवण करून द्यावी, कारण स्वतःचे दिवस मोजताना माणूस थकतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात दोघींनी बरोबर जावे किंवा 15100 वर फोन करावा. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. एकटी बाई "उद्या या" ऐकून परत फिरते, दोघी असल्या की बाकावर बसून राहतात. मुलांसाठी महिला व बाल विकास विभागाच्या बालसंगोपन योजनेचीही चौकशी करावी.

पैशाच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवावा. रिक्षाचे भाडे, कँटीनचे दोनशे रुपये, शाळेच्या वह्या एवढे द्यावे-घ्यावे आणि तेही वहीत लिहावे. मैत्रीखातर एकमेकींच्या नवऱ्याला जामीनदार राहू नये. तो तारखेला आला नाही तर जामीनपत्राची रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते. त्याऐवजी जामीनदाराच्या ऐपतीच्या दाखल्यासाठी तिच्याबरोबर तहसीलमध्ये खेटे घालावेत. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी महिनाभरात सुटका झाली नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी सांगितले आहे. तिच्या वकिलाला हा आदेश दाखवण्यास सांगावे.

सर्वांत अवघड दिवस येतो तो एकीचा नवरा सुटतो तेव्हा. माझ्या नवऱ्याचा जामीन झाला, त्या दिवशी अक्कांचा अर्ज फेटाळला गेला होता आणि मी चार दिवस त्यांना फोन केला नाही. वाटले, आपला आनंद त्यांना बोचेल. पाचव्या दिवशी अक्का स्वतःच माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमचं माणूस घरी आलं ते मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं का?" तेव्हापासून मी सांगते की ही बातमी त्याच दिवशी, स्वतः आणि थोडक्या शब्दांत द्यावी. पेढे नेऊ नयेत. पुढची मुलाखत कधी आहे ते विचारावे आणि त्या दिवशी आपले काम नसतानाही रांगेत तिच्याबरोबर उभे राहावे. घरी आलेल्या नवऱ्याला हे रुचत नाही, त्याला ते फाटक विसरायचे असते. त्याला शांतपणे सांगावे की तो आत असताना आपल्या मुलाला ताप आला, तेव्हा रात्री कोण बसले होते.

वही मी अक्कांकडे दिली. डाव्या पानांवर त्यांची मुलगी आता स्वतः तारखा लिहिते. उजवी जी पाने रिकामी उरली होती, ती रांगेत नव्याने आलेल्या एका मुलीला दिली आहेत.